फोनबरोबर आलेल्या ॲपांपलीकडे: अँड्रॉइडवर ब्राउझर आणि कामाची ॲप कशी निवडावीत

कोल्हापुरातल्या कसबा बावड्यात माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचे अर्ज, पीक पाहणी अशी कामं घेऊन लोक येतात आणि त्यातले निदान चार-पाच जण कागद काढायच्या आधी फोन पुढं करतात. मागच्या आठवड्यात गल्लीतले आण्णा आले. "वहिनी, ह्यो फोन बघा की जरा. सारखं व्हायरस हाय म्हणून सांगतंय. मी कायबी दाबलं न्हाई."

वरची पट्टी खाली ओढली तर एकाखाली एक सूचना. 'तुमच्या फोनमध्ये ४ व्हायरस', 'बॅटरी खराब होत आहे', 'लगेच साफ करा'. प्रत्येकीच्या कडेला क्रोमचं गोल चिन्ह आणि शेजारी बारीक अक्षरात कुठल्यातरी वेबसाइटचं नाव. फोनमध्ये व्हायरस नव्हता. गुळाचा दर शोधताना आण्णांनी एका साइटवर 'अलाऊ' दाबलं होतं आणि तेव्हापासून ती साइट दिवसभर जाहिराती पाठवत होती. ते बंद करणं दोन मिनिटांचं काम. पण त्या सूचनांना घाबरून त्यांनी मधल्या काळात तीन 'क्लीनर' ॲप टाकली होती, आणि खरा त्रास त्या तिघांचा होता.

रोज कुणाला ना कुणाला हेच सांगते, म्हणून एकदा सविस्तर लिहिते आहे. फोन कुठल्याही कंपनीचा असो, त्यावर कोणता ब्राउझर, कोणता कीबोर्ड, कोणता नकाशा चालवायचा हे आपण ठरवू शकतो. अँड्रॉइडची ती मोठी सोय आहे. पण ॲप घेताना ते कोण बनवतं आणि त्याचं पोट कशावर भरतं, हे विचारल्याशिवाय घेऊ नये. पुढं जी नावं सांगते ती याच प्रश्नातून गाळून घेतलेली आहेत.

सेटिंग्जमधली नावं फोनच्या कंपनीप्रमाणे थोडी इकडंतिकडं असतात. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वर शोधायची पट्टी असते, तिथं तो शब्द टाका.

आधी झाडलोट

नवीन काही टाकण्याआधी जुनं काढा. व्हायरसची भीती घालणारी सूचना आली की तिच्यावर साधं टिचकी मारू नका, बोट दाबून धरा. कुठल्या ॲपमधून आली ते दिसतं. क्रोममधून आली असेल तर तिथंच साइटचं नाव आणि ती बंद करायचा पर्याय मिळतो. सगळ्या साइट एकदम बघायच्या तर क्रोम उघडा, वरचे तीन टिंब, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथं परवानगी दिलेल्या साइटची यादी असते. त्यातली एकही ठेवायची गरज बहुतेकांना नसते. मी तर वरचं बटणच बंद करते, म्हणजे पुन्हा कुठली साइट विचारतच नाही.

फोन नुसता हातात धरलेला असताना अख्ख्या पडद्यावर जाहिरात येत असेल, तर मात्र ते एखाद्या ॲपचं काम. जाहिरात आली की ती बंद न करता अलीकडची ॲप दाखवणारं बटण दाबा; कुठल्या ॲपनं ती टाकली त्याचं चिन्ह तिथं दिसतं. नाही कळलं तर सेटिंग्जमध्ये 'डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स' शोधा. दुसऱ्या ॲपच्या वर चित्र काढायची परवानगी कुणाकुणाला आहे त्याची ही यादी. टॉर्च, वॉलपेपर, क्यूआर स्कॅनर, कंपास असली नावं तिथं दिसली तर परवानगी काढा आणि ॲपही काढा. टॉर्च फोनमध्येच असते. क्यूआर फोनचा कॅमेरा किंवा गूगल लेन्स वाचतं.

क्लीनर, रॅम बूस्टर, बॅटरी सेव्हर ही जातच टाळा. अँड्रॉइड मेमरी स्वतः सांभाळतं. मागं उघडी राहिलेली ॲप जबरदस्तीनं मारली की ती पुन्हा मुळापासून सुरू करायला उलट जास्त बॅटरी जाते. फोन खरोखर भरला असेल तर गूगलचं फाइल्स ॲप पुरतं. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', मग 'मॅनेज स्टोरेज' उघडलं की कोणत्या ग्रुपनं किती जागा खाल्ली तेही दिसतं. शुभ सकाळच्या फोटोंनी बारा-पंधरा जीबी भरलेले फोन मी आठवड्याला बघते.

ब्राउझर

माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथं पडतो, कारण आपलं निम्मं काम ब्राउझरमध्येच होतं. बहुतेक फोनवर क्रोम आधीच बसवलेलं असतं. ते चांगलं चालतं, बँकेच्या आणि सरकारी साइटवर कमी अडतं, त्यामुळं काढायचं नाही. पण अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायची छोटी सोय, टाकता येत नाही; त्यामुळं जाहिराती अडवणारं साधन जोडता येत नाही. जाहिराती कमी झाल्या की पान लवकर उघडतं, डेटा वाचतो, आणि 'डाउनलोड' लिहिलेली खोटी बटणं दिसेनाशी होतात. निकाल बघायला, भरतीची जाहिरात वाचायला येणारी मुलं बहुतेक अशाच खोट्या बटणांवर अडकतात.

मी फायरफॉक्स वापरते आणि सुचवते. तो मोझिला बनवते. मोझिला ना-नफा संस्थेच्या मालकीची आहे. पान पडद्यावर उभं करणारं आतलं इंजिनही त्यांचं स्वतःचं, गेको. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, सॅमसंग इंटरनेट हे सगळे मात्र क्रोमियम या एकाच मुळावर उभे आहेत. डिसेंबर २०२३ पासून अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये शेकडो एक्स्टेन्शन खुली झाली, पण आपल्याला त्यातलं एकच पुरे: यूब्लॉक ओरिजिन.

प्ले स्टोअरमधून फायरफॉक्स घ्या आणि बनवणाऱ्याच्या जागी मोझिला लिहिलंय का ते बघा. उघडल्यावर तीन टिंब दाबा, एक्स्टेन्शन्स निवडा. शिफारस केलेल्या यादीत यूब्लॉक ओरिजिन असतं, त्यापुढचं अधिक चिन्ह दाबा आणि परवानगीच्या खिडकीत 'ॲड' करा. नाव पूर्ण वाचा. नुसतं 'यूब्लॉक' नावाचं वेगळं काहीतरी आहे, आपल्याला 'ओरिजिन' असलेलं हवं. ते रेमंड हिल या माणसानं बनवलंय आणि त्यासाठी तो देणगीही घेत नाही. खासगी टॅबमध्येही ते चालावं म्हणून त्याच पानावरचं 'रन इन प्रायव्हेट ब्राउझिंग' सुरू करा. झालं. आता रोजची बातम्यांची साइट उघडून बघा.

एखादं पान यामुळं अडलं, पैसे भरायची खिडकीच उघडली नाही असं झालं, तर तीन टिंब, एक्स्टेन्शन्स, यूब्लॉक ओरिजिन उघडा आणि त्यातलं मोठं पॉवरचं चिन्ह दाबून पान ताजं करा. फक्त त्या साइटपुरतं ते बंद होतं. पैशाचा व्यवहार अर्धवट असताना मात्र हे करू नका. आधीच क्रोममध्ये उघडा.

आणखी तीन गोष्टी फायरफॉक्समध्ये करून घ्या. सेटिंग्जमध्ये होमपेजच्या पानावर प्रायोजित शॉर्टकट आणि प्रायोजित बातम्या असतात, त्या बंद करा. फायरफॉक्सही काही कमाई त्यातून करतो, पण बंद करायची सोय देतो हे त्याचं चांगलं. दुसरं, पत्त्याची पट्टी खाली घेता येते. मोठ्या फोनवर एका हाताचा अंगठा तिथं सहज पोचतो. तिसरी म्हणजे वाचनाची खिडकी. लांब लेख उघडला की पत्त्याच्या पट्टीत पानाचं छोटं चिन्ह येतं. ते दाबलं की बाकीचं सगळं गळून नुसता मजकूर राहतो आणि अक्षर मोठं करता येतं. माझ्या सासूबाई चष्मा न शोधता अग्रलेख वाचतात ते यामुळं.

फायरफॉक्स कुणाला जमला नाही तर ब्रेव्ह. तो दिसायला क्रोमसारखाच आहे आणि जाहिराती अडवायची सोय आतच असल्यामुळं वेगळं काही जोडावं लागत नाही. जावास्क्रिप्ट भाषा बनवणाऱ्या ब्रेंडन आईक यांनी ही कंपनी काढली. त्यात क्रिप्टोचं पाकीट, रिवॉर्ड्स, पैसे देऊन घ्यायचा व्हीपीएन (फोनचं सगळं इंटरनेट मधल्या एका वाटेनं नेणारी सोय) असं बरंच दिसेल, त्याकडं बघू नका. सेटिंग्जमध्ये त्यातलं बरंचसं लपवता येतं. वडीलधाऱ्यांच्या फोनवर मी बहुधा ब्रेव्हच टाकते, कारण त्यांना काही नवीन शिकावं लागत नाही.

डकडकगो ब्राउझरमध्ये एक वेगळी सोय आहे, ॲप ट्रॅकिंग प्रोटेक्शन. ती सुरू केली की फोनमधली बाकीची ॲप गुपचूप कुठं कुठं माहिती पाठवू बघतात ते मोजून दाखवते आणि अडवते. ती व्हीपीएनच्या वाटेनं चालते, म्हणून दुसरा व्हीपीएन सोबत चालत नाही. दोन दिवस चालवून ती यादी नुसती वाचली तरी डोळे उघडतात.

ऑपेरा मिनी पान स्वतःच्या सर्व्हरवर दाबून लहान करून पाठवतं. गगनबावड्याच्या बाजूला रेंजची एकच काडी असते तिथं बातमी वाचायला ते उपयोगी. पण पान मधल्या सर्व्हरवरून येतं, म्हणून बँकेचं काम त्यात नको.

निवडलेला ब्राउझर नुसता टाकून भागत नाही. सेटिंग्ज, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स, ब्राउझर ॲप इथं जाऊन तो निवडा, म्हणजे व्हॉट्सॲपमधली लिंकही त्यातच उघडेल. आणि रुंद तक्ते असलेली पानं, म्हणजे सातबारा, निकालपत्रक, वेळापत्रक, मोबाइलच्या रुंदीत बसली नाहीत की तीन टिंबांत 'डेस्कटॉप साइट' वर खूण करा. माझ्याकडं निम्मी माणसं 'साइट बंद आहे' म्हणून येतात आणि ही एक खूण केल्यावर हसत परत जातात.

जुन्या फोनसाठी एक मुद्दाम सांगते. अँड्रॉइड ८ किंवा ९ वर अडकलेल्या फोनला २०२५ पासून क्रोमची नवी आवृत्ती मिळत नाही. तसा फोन वापरत असाल तर फायरफॉक्स टाकून ठेवा. आणि प्ले स्टोअरमध्ये 'अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू' शोधून त्याला अपडेट आहे का बघा. इतर ॲपच्या आत जी पानं उघडतात ती याच्यावर, नाहीतर क्रोमवरच चालतात.

ॲप पारखायचं कसं

प्ले स्टोअरमध्ये 'सातबारा' टाकून बघा. नकाशा आणि राजमुद्रेसारखी चित्रं लावलेली कितीतरी खासगी ॲप येतात. ती सरकारी साइटच आपल्या खिडकीत उघडून देतात आणि मधे जाहिराती घालतात. सातबाऱ्याला ॲप लागतच नाही, सरकारी साइट ब्राउझरमध्ये उघडते. फक्त पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे एवढं बघायचं. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत तिथूनच निघतो. तुम्ही माझ्याकडं आलात तर मी काढून देईन, पण घरी जमत असेल तर घरीच काढा.

ॲपच्या पानावर आधी बनवणाऱ्याचं नाव वाचा आणि त्याची बाकीची ॲप बघा. मग खाली 'डेटा सेफ्टी' (ॲप कोणती माहिती घेतं) बघा आणि 'कन्टेन्स ॲड्स' (जाहिराती आहेत) लिहिलंय का ते. अभिप्राय वाचताना पाच ताऱ्यांचे सोडा, एक आणि दोन ताऱ्यांचे, तेही अलीकडचे वाचा. टाकल्यावर ते काय मागतं त्याचा त्याच्या कामाशी मेळ घाला. नकाशाला ठिकाण लागतं, ठीक. कॅल्क्युलेटरला संपर्क कशाला? एसएमएस, सूचना वाचायची परवानगी आणि ॲक्सेसिबिलिटी या तीन गोष्टी घराच्या किल्ल्या आहेत. ॲक्सेसिबिलिटी मिळालेलं ॲप पडद्यावरचं सगळं वाचू शकतं आणि आपल्या वतीनं बटणंही दाबू शकतं.

एकदा पारखलं म्हणजे कायमचं झालं असंही नाही. सिम्पल मोबाइल टूल्स नावाची गॅलरी, कॅलेंडर, फाइल मॅनेजर अशी साधी, बिनजाहिरातीची ॲप होती. मी कितीतरी फोनवर टाकली होती. २०२३ च्या शेवटी ती दुसऱ्या कंपनीला विकली गेली. कोड, म्हणजे ॲप ज्यातून बनतं तो मजकूर, सगळ्यांना खुला असल्यामुळं आधीच्या मंडळींपैकी काहींनी तोच घेऊन फॉसिफाय नावानं काम पुढं चालू ठेवलं, आणि मी सगळ्यांना तिकडं हलवलं. त्याआधी बारकोड स्कॅनर नावाच्या एका ॲपचं तर फार वाईट झालं. एक कोटीवर फोनमध्ये ते वर्षानुवर्षं नीट चालत होतं. डिसेंबर २०२० च्या आसपास एक अपडेट आला आणि आपोआप ब्राउझर उघडून ते जाहिराती दाखवू लागलं. गूगलनं ते काढून टाकलं, पण लोकांच्या फोनमध्ये होतं ते राहिलंच. म्हणून अपडेटनंतर एखादं ॲप अचानक नवी परवानगी मागू लागलं, तर तिथंच थांबायचं.

जून २०२० मध्ये सरकारनं ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात यूसी ब्राउझर, शेअरइट, झेंडर, कॅमस्कॅनर, ईएस फाइल एक्सप्लोरर होती. जुन्या फोनमध्ये ती अजून दिसतात. त्यांना अपडेट मिळत नाहीत, काढून टाका. कागद स्कॅन करायला गूगल ड्राइव्हच्या ॲपमध्ये कॅमेऱ्याचं चिन्ह आहे, तेवढं सरकारी अर्जाला पुरतं.

रोज लागणारी थोडी

फाइल पाठवायला लोकलसेंड. हे मला फार आवडतं. फोन आणि कॉम्प्युटर एकाच वायफायवर किंवा एकाच्या हॉटस्पॉटवर असले की इंटरनेटशिवाय फाइल इकडून तिकडं जाते. अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांवर चालतं, खातं काढावं लागत नाही. दोन्हीकडं ॲप उघडा, एकावर 'सेंड', दुसऱ्याचं नाव दिसलं की टिचकी, दुसऱ्यानं स्वीकारायचं. लग्नपत्रिकेचा फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवला की दबून धुरकट होतो आणि छापखानावाला परत पाठवतो. लोकलसेंडनं तो जसाच्या तसा जातो. आधार कार्डाच्या प्रती माझ्या व्हॉट्सॲपवर पडून राहण्यापेक्षाही हे बरं. दोन्ही अँड्रॉइड फोन असतील तर फोनमधलं क्विक शेअरही चालतं.

व्हिडिओ आणि गाण्यांना व्हीएलसी. मेमरी कार्डावरची जुनी भजनं, लग्नाच्या डीव्हीडीवरून काढलेल्या फाइल, जे इतर कशात उघडत नाही ते यात उघडतं. जाहिरात एकही नाही, कारण ते व्हिडिओलॅन ही फ्रान्समधली ना-नफा संस्था चालवते.

कीबोर्डच्या बाबतीत मी प्रयोग करू देत नाही. कीबोर्ड आपण लिहू ते प्रत्येक अक्षर बघतो, पासवर्डसकट. म्हणून सुंदर फॉन्ट आणि स्टिकर देणारे अनोळखी कीबोर्ड नकोतच. जीबोर्ड मराठीला चांगला आहे: त्याच्या सेटिंग्जमध्ये लँग्वेजेस, ॲड कीबोर्ड, मराठी, तिथं देवनागरी मांडणी निवडा आणि रोमन अक्षरांतून मराठी करणारीही निवडा, मग स्पेस दाबून धरलं की बदलता येते. माइकचं चिन्ह दाबून बोललं तरी लिहितो. लिहिताना एक खोट मात्र सारखी दिसते: 'दऱ्या' लिहायचं असतं आणि 'दर्या' होतं. त्यासाठी खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, मग हलन्त, मग य. अर्जातल्या आडनावात ही चूक झाली की पुढं कागद जुळत नाहीत.

रेंज नसताना नकाशा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला तेव्हा शिरोलीजवळ महामार्ग अनेक दिवस बंद होता. आमच्या बावड्यातल्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ ला धोका, हे इथं पोरांनाही पाठ असतं. त्या वर्षी ५५ फुटांच्या वर गेलं. त्या दिवसांत नेट येत-जात होतं आणि नातेवाइकांना कुठल्या वाटेनं या म्हणून सांगताना आम्ही वहीवर रेघा ओढत होतो. तेव्हापासून घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये इंटरनेटशिवाय चालणारा नकाशा असावा असं माझं ठाम मत आहे.

ऑरगॅनिक मॅप्स हे त्यासाठीचं ॲप. जगभरातल्या स्वयंसेवकांनी बनवलेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर ते चालतं, फुकट आहे, जाहिरात नाही. घरच्या वायफायवर असताना ते उघडा, नकाशे उतरवायच्या यादीत भारत आणि त्यात महाराष्ट्र घ्या. कोकणात, बेळगावला जाणं-येणं असेल तर गोवा आणि कर्नाटकही. मग फोन फ्लाइट मोडवर टाकून, लोकेशन सुरू ठेवून रंकाळ्यावर जा आणि बघा. आपला निळा बाण बरोबर जागेवर असतो, कारण जीपीएस उपग्रहांकडून येतं, त्याला सिमची रेंज लागत नाही. पन्हाळा ते पावनखिंड चालणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून टाकून देते. जंगलातल्या पायवाटाही बऱ्याच ठिकाणी यात आहेत. घर, पाहुण्यांचं गाव, जवळचा दवाखाना यांवर तारा लावून ठेवा.

त्याच्या मर्यादा मात्र ध्यानात असू द्या. रस्ता पाण्याखाली आहे की नाही, कुठं गर्दी आहे, हे त्याला कळत नाही. दुकानांची नावंही गूगल मॅप्सपेक्षा कमी आहेत. शिवाय जीपीएसनं बॅटरी जाते, म्हणून पावसाळ्यात पॉवर बँक भरलेली हवी. आणि नकाशा दोन-तीन महिन्यांनी अपडेट करायचा, जूनच्या आधी तर नक्कीच.

पासवर्ड

माझ्याकडं लोक पासवर्ड शोधतात ते कॅलेंडरच्या मागं, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेल्या मेसेजमध्ये, नाहीतर मुलाला फोन करून. पासवर्ड सांभाळणारं बिटवॉर्डन हे ॲप घ्या. फुकटच्या खात्यात हवे तितके पासवर्ड, फोन आणि कॉम्प्युटर दोन्हीकडं. पासवर्ड इंटरनेटवर कुठंच जाऊ नयेत असं वाटत असेल तर कीपासडीएक्स, त्यात ते एका कुलूपबंद फाइलमध्ये आपल्याच फोनवर राहतात. मग त्या फाइलची एक प्रत दुसरीकडं ठेवायची जबाबदारी आपली. दोन्हींत मुख्य पासवर्ड एकच लक्षात ठेवायचा. तो विसरला तर कुणीच काढून देऊ शकत नाही, म्हणून कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवा. सेटिंग्जमध्ये 'ऑटोफिल' शोधून तिथं हे ॲप निवडलं की ते स्वतःच पासवर्ड भरतं. याचा आणखी एक फायदा आहे. बँकेसारखी दिसणारी खोटी साइट असेल तर पत्ता जुळत नाही म्हणून ते पासवर्ड पुढं करतच नाही.

प्ले स्टोअरच्या बाहेर

बाहेरून ॲप घेणं मुळात वाईट नाही. एफ-ड्रॉइड हे २०१० पासूनचं भांडार आहे, त्यात फक्त खुल्या कोडची ॲप असतात आणि एखाद्या ॲपमध्ये जाहिरात किंवा पाळत असेल तर त्याच्या पानावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. फॉसिफायची ॲप, व्हीएलसी, ऑरगॅनिक मॅप्स, कीपासडीएक्स तिथं मिळतात. ब्राउझरमधून एफ-ड्रॉइडच्या अधिकृत साइटवर जा, फाइल उतरवा, उघडा. फोन विचारेल की या ब्राउझरला अनोळखी ॲप बसवू द्यायची का. हो म्हणा, ॲप बसवा, आणि लगेच सेटिंग्जमध्ये 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' उघडून ब्राउझरची ती परवानगी परत काढा. अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी प्रत्येक ॲपला वेगळी देता येते. त्याच यादीत व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम शोधा, आणि त्यांच्यापुढं 'नॉट अलाऊड' नसेल तर आत्ताच करा.

कारण खरी चोरी तिथून होते. व्हॉट्सॲपवर ओळखीच्याच नंबरवरून फाइल येते: लग्नाची पत्रिका, आरटीओचं चलन, लाइट बिल, बँकेचं केवायसी, योजनेची यादी. नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. पत्रिका फोटोत किंवा पीडीएफमध्ये येते, एपीकेमध्ये कधीच नाही. एपीके म्हणजे ॲप. ते बसवलं की एसएमएसची परवानगी मागतं, मिळाली की ओटीपी चोराकडं जातात, आणि आपल्याच नंबरवरून तीच फाइल सगळ्या पाहुण्यांना जाते. म्हणून 'मामांनी पाठवलंय' यावर विश्वास ठेवायचा नाही; मामांना फोन करून विचारायचं. गाडीचं चलन खरं असेल तर परिवहन खात्याच्या सरकारी साइटवर गाडीचा तपशील घातला की दिसतं. नव्या फोनमध्ये, अँड्रॉइड १३ पासून, बाहेरून आलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी देताना फोन स्वतःच अडवतो. फोनवर कुणी 'अलाऊ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज दाबा' म्हणून सांगत असेल तर तो चोर आहे, फोन ठेवून द्या.

तरीही कुणाच्या हातून अशी फाइल बसलीच, तर रागावत बसू नका. पहिल्या मिनिटात फ्लाइट मोड लावा आणि वायफायही बंद करा. दुसऱ्याच्या फोनवरून आधी बँकेला सांगून खातं, यूपीआय आणि कार्ड थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा; सायबर गुन्ह्यांसाठीचा हा राष्ट्रीय नंबर आहे, आणि जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात पैसे अडवायची शक्यता जास्त. त्यांनी दिलेला तक्रार क्रमांक लिहून घ्या, बँक तो मागते. मग पॉवर बटण दाबून 'पॉवर ऑफ' वर बोट धरून ठेवा, बहुतेक फोनमध्ये सेफ मोड विचारतो. त्यात बाहेरची ॲप चालत नाहीत, म्हणून ते ॲप काढता येतं. 'अनइन्स्टॉल' फिकट दिसत असेल तर सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस ॲडमिन ॲप्स' शोधून तिथली त्याची खूण आधी काढा. फाइलचं नाव, कुणाकडून आली, किती वाजता, याचे फोटो दुसऱ्या फोननं काढून ठेवा, पोलिसांत द्यावे लागतात. त्यानंतर फोटो आणि संपर्क दुसरीकडं घेऊन फोन पूर्ण रीसेट करा, आणि सगळे पासवर्ड बदला. ते बदलायला हा फोन नको, घरातल्या दुसऱ्या कुणाचा घ्या.